अपडेट झाला, तरी कर्नल जुनाच: परत परत येणाऱ्या अडचणीचं निवारण

लक्षण सगळीकडे सारखंच असतं. बर्फाच्या कारखान्यातलं बिलिंगचं मशीन असो, पतसंस्थेचा कोपऱ्यातला सर्व्हर असो, की आंबा कॅनिंगवाल्याकडचा स्टॉकचा संगणक. त्यावर डेबियन किंवा उबुंटू, म्हणजे लिनक्सचं एखादं वितरण, असतं. ऑडिटवाले येतात, स्कॅन करतात आणि कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, सुरक्षा-त्रुटींची यादी हातात देतात. अपडेट चालवला जातो, शेवटपर्यंत एकही एरर येत नाही. पुढच्या स्कॅनमध्ये तीच यादी, तेच सीव्हीई क्रमांक (प्रत्येक त्रुटीला दिलेला जाहीर नंबर). मग फोन येतो: "दादा, अपडेट तर तेव्हाच केला होता. परत कसं काय आलं?"

अपडेट केलेला असतो, त्यात कुणी खोटं बोलत नाही. पण ब्राउझर बंद करून उघडला की नवा होतो, तसं कर्नलचं नाही. अपडेटमुळे नवा कर्नल फक्त डिस्कवर, /बूट मध्ये येऊन बसतो. मेमरीत जो चालू आहे तो मशीन शेवटचं सुरू झालं त्या दिवसाचाच असतो आणि रीबूट होईपर्यंत तोच राहतो. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही जा, चालू मशीन बंद करायला लोक कचरतात. लाईटचा भरवसा नाही, आणि खाऱ्या हवेत वर्षं काढलेलं जुनं मशीन बंद केल्यावर परत उठेल याची खात्री नाही. त्यामुळे पॅच महिनोन्‌महिने डिस्कवर पडून असतो आणि भोक उघडंच राहतं. म्हणून तपास नेहमी उलट्या बाजूने करायचा. काय इन्स्टॉल झालंय ते नंतर. आत्ता चालू काय आहे ते आधी.

खालच्या कमांड मी फोनवर सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत करायच्या.

चालू कर्नल कोणता?

'युनेम -आर' दिलं की चालू कर्नलचं नाव येतं. इथेच बरेच जण फसतात, कारण डेबियनमध्ये हे नाव म्हणजे पूर्ण आवृत्ती नव्हे. जुलै २०२३ मध्ये डेबियन १२ वर '६.१.०-१०-एएमडी६४' या एकाच नावाखाली आधी ६.१.३७-१ हे पॅकेज आलं आणि नंतर ६.१.३८-२ आलं. नाव तेच, आतला कर्नल वेगळा. म्हणून 'युनेम -व्ही' द्यायचं. त्यात पॅकेजची खरी आवृत्ती आणि तो कर्नल बांधल्याची तारीख दिसते. मग 'डीपीकेजी -एल' मध्ये, म्हणजे इन्स्टॉल झालेल्या पॅकेजांच्या यादीत, 'लिनक्स-इमेज' ने सुरू होणाऱ्या पॅकेजांची आवृत्ती बघायची. सगळ्यात नवी आवृत्ती आणि 'युनेम -व्ही' जुळले, तर पॅच खरोखर चालू आहे. नाही जुळले, तर डिस्कवरचा कर्नल मेमरीत आलेलाच नाही. उबुंटूवर अजून एक खूण मिळते: रीबूट बाकी असेल तर /व्हार/रन मध्ये 'रीबूट-रिक्वायर्ड' नावाची फाइल तयार झालेली असते आणि तिच्या शेजारच्या '.पीकेजीएस' फाइलमध्ये ते कोणत्या पॅकेजमुळे हेही लिहिलेलं असतं.

उलटा प्रकारही होतो. पॅच चालू असतो, पण स्कॅनर तक्रार करतच राहतो. डर्टी पाइप घ्या, म्हणजे सीव्हीई-२०२२-०८४७. मूळ कर्नलमध्ये, म्हणजे वितरणांनी हात लावण्याआधीच्या, ही त्रुटी ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ या आवृत्त्यांत बुजवली गेली. उबुंटू २२.०४ चा सुरुवातीपासूनचा कर्नल मात्र नावाने कायम ५.१५.० च दिसतो, पुढे फक्त डॅशनंतरचा आकडा वाढत जातो. रेड हॅट ८ चा कर्नल नावाने ४.१८ च असतो. वितरणवाले नवी आवृत्ती आणण्याऐवजी तेवढी दुरुस्ती जुन्या आवृत्तीत उतरवतात, आणि नुसता आकडा बघणाऱ्या स्कॅनरला ते कळत नाही. उबुंटूवर /प्रॉक/व्हर्जन_सिग्नेचर ही फाइल उघडली की शेवटी मूळ कर्नलची कोणती आवृत्ती आत आहे ते दिसतं. डेबियन आणि उबुंटू दोघांचेही सुरक्षा ट्रॅकर आहेत. तिथे सीव्हीई क्रमांक टाकला की कोणत्या पॅकेज-आवृत्तीत तो बुजवला ते मिळतं. तेच ऑडिटवाल्यांना लेखी द्यावं. "आकडा जुना दिसतो, थेट मूळ कर्नल उतरवून टाका" असा सल्ला मिळाला तर तो घेऊ नका. एकदा हाताने बांधलेला कर्नल टाकला की वितरणाच्या सुरक्षा-चमूचं छत्र गेलं, आणि पुढची प्रत्येक दुरुस्ती तुमच्या डोक्यावर आली.

/बूट भरलेलं असतं

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. इन्स्टॉल करताना एलव्हीएम (डिस्कची लवचीक विभागणी) किंवा एन्क्रिप्शन निवडलं की /बूट चं वेगळं, छोटं पार्टिशन तयार होतं. एक कर्नल आणि त्याचा इनिटरॅमएफएस (सुरू होताना डिस्क ओळखायला लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल) मिळून शंभर एमबीच्या घरात सहज जातात. असे काही साठले की जागा संपते. 'डीएफ -एच /बूट' दिल्यावर शंभर टक्के दिसलं, किंवा अपडेटच्या शेवटी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असा मेसेज आला, तर थांबा. तशात रीबूट अजिबात करू नका. नव्या कर्नलची मुख्य फाइल आलेली असते, पण इनिटरॅमएफएस अर्धवट किंवा गायब असतो.

फाइल मॅनेजर उघडून /बूट मधल्या फाइली हाताने उडवणं हा इथला नेहमीचा उपाय आहे, आणि त्यातूनच पुढची गुंतागुंत जन्माला येते. पॅकेज-व्यवस्थेला वाटतं फाइली जागेवर आहेत, ग्रबच्या (सुरू होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूतही त्या दिसतात, प्रत्यक्षात त्या नसतात. त्याऐवजी पॅकेज टाकणाऱ्या-काढणाऱ्या एपीटीचं 'एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज' वापरा. ते चालू कर्नलला हात लावत नाही. एपीटी स्वतःच अडून बसलं असेल, तर आधी 'युनेम -आर' बघून चालू कर्नलचं नाव कागदावर लिहा. मग त्याच्याहून जुन्या एखाद्या कर्नलचा इनिटरॅमएफएस 'अपडेट-इनिटरॅमएफएस -डी -के' आणि पुढे त्या जुन्या कर्नलचं नाव देऊन काढा. थोडी जागा झाली की 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' पुढे सरकतं. ते झालं की ज्याचा इनिटरॅमएफएस काढला तो जुना कर्नल पॅकेजसकट काढून टाका. चालू कर्नल आणि त्याच्या आधीचा एक, एवढे दोन मात्र कायम ठेवायचे. तो आधीचाच अडचणीत हात देतो.

जागा वाचवण्यासाठी आणखी एक युक्ती सुचवली जाते: इनिटरॅमएफएसच्या कॉन्फमध्ये 'मॉड्यूल्स' ची किंमत 'मोस्ट' ऐवजी 'डेप' करायची. इनिटरॅमएफएस लहान होतो हे खरं, कारण त्यात फक्त त्याच मशीनला लागणारे ड्रायव्हर राहतात. पण आपल्याकडे खाऱ्या, दमट हवेने मदरबोर्ड गंजतात आणि डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची पाळी येते. 'डेप' केलेली डिस्क दुसऱ्या बोर्डवर उठेलच असं नाही. बंदराजवळच्या मशीनवर मी तरी 'मोस्ट' च ठेवतो.

अपडेट चालू असताना लाईट गेले

पावसाळ्यात मालवणकडून येणारा फोन ठरलेला: "दादा, अपडेट चालू होतो आणि लाईट गेले. आता काय करूचा?"

मशीन जुन्या कर्नलवर उठत असेल तर फार काही बिघडलेलं नाही. आधी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', त्यानंतर 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' आणि शेवटी 'अपडेट-ग्रब'. क्रम बदलू नका. त्यानंतर /बूट मध्ये जाऊन प्रत्येक 'व्हीएमलिनझ' फाइलला त्याच नावाच्या 'इनिटआरडी' फाइलची जोडी आहे का आणि तिचा आकार बाकीच्यांच्या जवळपास आहे का, ते डोळ्यांनी बघा. एक फाइल शून्य बाइटची किंवा निम्म्या आकाराची दिसली, तर तीच गडबड आहे.

मशीन उठतच नसेल आणि काळ्या पडद्यावर 'कर्नल पॅनिक' च्या पुढे 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)' असं दिसत असेल, तर डिस्क गेली असं समजून घाबरू नका. बहुतेक वेळा याचा अर्थ एवढाच, की इनिटरॅमएफएस मिळाला नाही आणि त्यामुळे कर्नलला डिस्कच ओळखता आली नाही. मशीन परत सुरू करा. ग्रबचा मेनू येण्यासाठी जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा, यूईएफआयच्या मशीनवर एस्केप दाबा. 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. तो उठला की 'अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के' आणि नव्या कर्नलचं नाव, मग 'अपडेट-ग्रब'. माहिती सगळी जिथल्या तिथे असते.

हे टाळण्यासाठी नुसत्या इन्व्हर्टरवर विसंबू नका. इन्व्हर्टर घेईपर्यंतच्या क्षणात काही मशीन बंद पडतात. बिलिंगच्या मशीनला स्वतःचा यूपीएस हवा, आणि त्याची बॅटरी खरंच किती वेळ टिकते हे पावसाच्या आधी प्लग काढून बघितलेलं हवं. लांबून एसएसएचने अपडेट करणार असाल तर 'टीमक्स' मध्येच करा. लाईट गेले की मागोमाग मोबाइलची रेंज जाते, सेशन तुटतं आणि अपडेट मध्येच मरतो. टीमक्समध्ये तो तिकडे चालू राहतो.

नवा कर्नल आहे, पण निवडलाच जात नाही

रीबूट केलं, /बूट व्यवस्थित आहे, तरी 'युनेम' जुनाच सांगतोय. अशा वेळी /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल उघडा. 'ग्रब_डिफॉल्ट' च्या पुढे शून्य नसून 'सेव्ह्ड' किंवा एखाद्या जुन्या कर्नलचं नाव असेल, तर कुणीतरी मुद्दाम तो पिन केलेला आहे. 'एपीटी-मार्क शोहोल्ड' नेही बघा. कर्नल तिथे होल्डवर, म्हणजे अपडेट होऊ नये म्हणून अडवून, ठेवलेला सापडतो.

आणि एक अगदी शांतपणे होणारा प्रकार. डेबियनवर 'लिनक्स-इमेज-एएमडी६४', उबुंटूवर 'लिनक्स-इमेज-जेनेरिक' हे नावापुरतं पॅकेज असतं. त्यात स्वतः काही नसतं, पण नव्या नावाचा कर्नल आला की हे पॅकेजच त्याला ओढून आणतं. साफसफाई करताना कुणी हे काढून टाकलं, की एपीटी दरवेळी "अपग्रेड करण्यासारखं काही नाही" असं सांगतं आणि कर्नल वर्षानुवर्षं तिथेच राहतो. लॉगमध्ये काही नाही, एरर नाही. हे पॅकेज आहे ना, एवढं प्रत्येक मशीनवर बघून घ्या.

पिन का केलेलं असतं याचा माग काढला, की बहुधा यूएसबीचा वाय-फाय डोंगल निघतो. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नसतो, डीकेएमएस या साधनाने प्रत्येक कर्नलसाठी बाहेरून बांधलेला असतो. नवा कर्नल आला की तो बांधला जात नाही, नेट बंद होतं, आणि दुरुस्तीला आलेला माणूस जुना कर्नल कायम करून निघून जातो. 'डीकेएमएस स्टेटस' बघा. ड्रायव्हर बांधायला लागणारं 'लिनक्स-हेडर्स' चं पॅकेज नसेल तर ते टाकल्यावर अर्ध्या केसेस तिथेच सुटतात. मॉड्यूल बांधलं गेलं पण 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं म्हणत असेल, तर सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू आहे आणि त्या मॉड्यूलवर मशीनने मान्य केलेली सही नाही. 'मोकयूटिल' ने किल्ली नोंदवून रीबूटच्या वेळी निळ्या पडद्यावर ती मान्य करावी लागते. ड्रायव्हरच नव्या कर्नलशी जुळत नसेल तर डोंगल बदला. ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे असा डोंगल सहज मिळतो. त्या तुकड्यासाठी सभासदांच्या खात्यांचा सर्व्हर जुन्या कर्नलवर अडकवून ठेवणं मला पटत नाही, आणि पतसंस्थेच्या संचालकांना मी तसं स्पष्ट सांगतो.

"एवढ्याशा मशीनवर कोण येणार?" हा त्यावरचा ठरलेला प्रश्न. कर्नलची त्रुटी ही बहुतेक वेळा हल्ल्याची दुसरी पायरी असते. पहिल्या पायरीला सोपा पासवर्ड किंवा जुनाट वेबपेज पुरतं. त्यातून साध्या युजरचा प्रवेश मिळतो. तिथून रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण मालक, होण्यासाठी कर्नलचं भोक कामाला येतं. डर्टी काऊ नावाची त्रुटी २००७ पासून कर्नलमध्ये होती आणि २०१६ मध्ये बुजली. सीव्हीई-२०२४-१०८६ ही फायरवॉलच्या एनएफ_टेबल्स भागातली. ती प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली गेल्याचं अमेरिकेच्या सिसा या सायबर-सुरक्षा संस्थेने मे २०२४ मध्ये नोंदवलं. डर्टी पाइप कशी सापडली तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. मॅक्स केलरमन यांच्याकडे एका ग्राहकाची तक्रार आली, की वेबसर्व्हरच्या लॉगच्या दाबलेल्या फाइली उघडत नाहीत. त्याचा पिच्छा पुरवता पुरवता ते कर्नलपर्यंत पोचले. पाइपच्या बफरमधला एक फ्लॅग कोरा न करता तसाच राहत होता, त्यामुळे फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलच्या मेमरीतल्या प्रतीवर कुणालाही लिहिता येत होतं. पासवर्डची फाइलही त्यात आली.

फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलचा चमू स्वतःच सीव्हीई क्रमांक देतो, आणि तेव्हापासून यादी प्रचंड लांबली आहे. एकेक क्रमांक धरून "हा आपल्याला लागू आहे का" बघत बसणं छोट्या ठिकाणी जमणारं काम नाही. कर्नलच्या स्टेबल (फक्त दुरुस्त्यांच्या) आवृत्त्या सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन वर्षानुवर्षं सांगत आलेत ते इथे धरून चालावं: निवडक पॅच उचलू नका, स्टेबलचा अपडेट पूर्ण घ्या. आपल्यासाठी त्याचा अर्थ, वितरणाचा कर्नल पूर्ण घ्या आणि त्यावर रीबूट करा.

रीबूट कधी करायचं

किनाऱ्यावर रीबूट तसंही होणारच असतं. ते तुम्ही समोर बसून करता, की वादळी रात्री लाईट जाऊन आल्यावर आपोआप होतं, एवढाच फरक. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हते. एवढ्या काळाने उठणारं मशीन डिस्कवर साठलेल्या सगळ्यात नव्या कर्नलवर उठतं, आणि तो अर्धवट असेल तर नेमकं त्याच दिवशी कळतं. नव्या कर्नलची पहिली सुरुवात माणूस हजर असताना झालेली असली पाहिजे, यावर मी अडून बसतो.

उबुंटूचं 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' सुरक्षेचे अपडेट आपोआप टाकतं, पण नेहमीच्या मांडणीत रीबूट करत नाही. त्याच्या कॉन्फमध्ये 'ऑटोमॅटिक-रीबूट' आणि त्याची वेळ देता येते. पुस्तकी उदाहरणांत पहाटे दोनची वेळ असते. आपल्याकडे मी दुपारची देतो. एक ते चार बाजारपेठ तशीही झोपलेली असते, आणि काही अडलं तर कुलूप उघडायला माणूस गावातच असतो. मासळीशी संबंधित मशीनना १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत निवांत वेळ मिळतो, पण लाईट सगळ्यात वाईट त्याच दिवसांत. म्हणून मोठं काम, म्हणजे /बूट ची साफसफाई, जुने पिन काढणं, आवृत्ती बदलणं, हे मे महिन्यातच उरकलेलं बरं. आंबेवाल्यांचं उलट: मार्च ते मे त्यांच्या मशीनकडे बघायचंही नाही, पाऊस स्थिरावला की हात घालायचा. बायोसमध्ये लाईट परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती चालू करून ठेवा.

रीबूट खरंच लांबवावं लागणार असेल तर लाइव्हपॅच आहे. एप्रिल २०१५ च्या ४.० पासून ही सोय मूळ कर्नलमध्ये आहे. चालू कर्नलमधल्या सदोष फंक्शनकडे येणारी हाक नव्या फंक्शनकडे वळवली जाते. उबुंटू प्रोमध्ये ती मिळते, आणि पाच मशीनपर्यंत प्रो मोफत आहे. पतसंस्थेसाठी घ्याच. पण प्रत्येक त्रुटी अशी बुजवता येत नाही, आणि लाइव्हपॅच लागला तरी 'युनेम' जुनाच आकडा दाखवतो, म्हणजे स्कॅनरची तक्रार चालूच. 'कॅनॉनिकल-लाइव्हपॅच स्टेटस' चा निकाल अहवालाला जोडा, आणि रीबूटची तारीख तरीही ठरवा.

पॅच येणंच बंद झालं असेल तर

उबुंटू १८.०४ ची नेहमीची मुदत मे २०२३ ला संपली, २०.०४ ची मे २०२५ ला. सेंटओएस ७ आणि डेबियन १० चा एलटीएस, म्हणजे वाढीव मुदत, दोन्ही ३० जून २०२४ ला संपले. अशा मशीनवर अपडेट चालवला की "सगळं अद्ययावत" दिसतं आणि मन निर्धास्त होतं. तसं दिसण्याचं खरं कारण, अपडेट देणारंच कुणी उरलेलं नाही. उबुंटू असेल तर प्रो लावून काही वर्षं ढकलता येतात. बाकीच्यांवर आवृत्ती बदलण्याला पर्याय नाही.

शेवटचा प्रकार प्रोसेसरमधल्याच त्रुटींचा. /सिस/डिव्हाइसेस/सिस्टम/सीपीयू/व्हल्नरेबिलिटीज या फोल्डरमधल्या फाइली 'ग्रेप' ने एकदम वाचा. मेल्टडाउन, स्पेक्टर आणि त्यांच्या नंतरच्या त्रुटींसमोर 'मिटिगेशन' दिसलं तर ठीक. 'क्लिअर सीपीयू बफर्स अटेम्प्टेड, नो मायक्रोकोड' असं दिसलं, तर कर्नलने आपलं काम केलंय, प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्या आतला छोटा प्रोग्राम) जुना आहे. डेबियन १२ मध्ये 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग चालू करून 'इंटेल-मायक्रोकोड' किंवा 'एएमडी६४-मायक्रोकोड' टाका, रीबूट करा, परत वाचा. तरीही ओळ बदलली नाही, तर त्या प्रोसेसरला कंपनीने मायक्रोकोड दिलेला नाही, असं बहुधा कोअर टू ड्युओच्या जमान्यातल्या मशीनवर दिसतं. त्या मशीनवर एकच माणूस एकच काम करत असेल, बाहेरचं ब्राउझिंग नसेल, तर तूर्त चालू द्या. वाचनालयात कुणीही येऊन बसतं किंवा पतसंस्थेत अनेक जण लॉगिन करतात, अशा जागी मात्र ते ठेवू नका. पुढच्या खरेदीच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर लिहा.